आईच्या पानातले मोदक आणि मंडळीचं रजिस्टर

प्रश्न असा आला आहे : ‘तीन वर्षांपूर्वी मी बाप्तिस्मा घेतला. घरात मी एकटाच विश्वासी. आमच्या सहभागितेत शुक्रवारचा उपास सक्तीचा आहे, बायकांना मंगळसूत्र-बांगड्या काढायला लावतात, दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, चुकला तर शाप लागतो असं सांगतात. गेल्या गणपतीत गावी गेलो तेव्हा आईने वाढलेले मोदक खाल्ले. हे मीच सहज बोलून गेलो, तर दोन महिने मला प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, दिलं नाही. उलट एक मित्र म्हणतो, आपण कृपेखाली आहोत, नियम-बियम काही नाही, रविवारी आलास काय नि न आलास काय. खरं काय?’

आधी मोदकांचं बोलतो, कारण तुमचं मन तिथे अडकलंय. बाकीचं त्यातूनच निघेल.

हा प्रश्न पहिल्या मंडळ्यांच्या काळातल्या प्रेषित पौलापुढे जवळजवळ जसाच्या तसा आला होता. करिंथ शहरात देवळात अर्पण झालेलं बरंच मांस पुढे बाजारात विकायला यायचं. कोणत्या खाटकाकडचं मांस कुठून आलं हे गिऱ्हाइकाला कळायची सोय नव्हती. मंडळीत त्यावरून रणकंदन. पौल लिहितो, बाजारात मिळतं ते चौकशा न करता खा. एखाद्या विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि तुम्हाला जावंसं वाटलं, तर जा आणि पुढे वाढलेलं खा. पण कुणी मुद्दाम सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्याच्या मनासाठी थांबा. आणि त्याच पत्रात, त्याच दहाव्या अध्यायात, तो हेही बजावतो की प्रभूच्या मेजावर आणि मूर्तीच्या मेजावर एकाच वेळी बसता येणार नाही.

म्हणजे त्याने रेघ पदार्थावर ओढलेली नाही. तुम्ही तिथे काय करायला बसलात, यावर ओढली आहे. आईच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून तिच्या हातचं खाणं वेगळं आणि हातात ताम्हण घेऊन आरतीला उभं राहणं वेगळं. दुसरी गोष्ट तुम्ही केलेली नाही. तुम्हाला दोन महिने मेजापासून लांब ठेवलं, ही माझ्या मते चूक झाली, आणि साधीसुधी नाही.

एक मात्र आहे. नुकत्याच आलेल्या काही माणसांना तो मोदक नुसता मोदक नसतो. खाल्ला की जुनं सगळं परत ओढायला लागतं, रात्रभर झोप येत नाही. अशा माणसाने खाऊ नये, आणि त्याच्यादेखत तुम्हीही खाऊ नये. हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे दोन-तीन चेहरे आहेत.

आता मुळाकडे. पौलाचं गलतीकरांस पत्र आपण ‘कर्मकांड विरुद्ध विश्वास’ अशा मथळ्याखाली वाचतो आणि त्यातलं भांडण नेमकं कशावरून पेटलं ते विसरतो. ते पेटलं पंगतीवरून. दुसरा अध्याय काढा. अंत्युखियात यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासणारे एकत्र जेवत होते, येशूचा शिष्य पेत्रही त्यांच्यात बसत होता. मग यरुशलेमहून तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं पाहून बाकीचे यहूदी उठले. शेवटी पौलाचा सोबती बर्णबासुद्धा वाहवत गेला. पेत्राने तोंडाने काहीच चुकीचं शिकवलं नव्हतं, नुसतं ताट उचललं होतं. पौलाने त्याला सगळ्यांसमोर धरलं ते तेवढ्यासाठी.

पंक्तिभेद हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागू नये. तरी लागतो! आपल्या मराठी मंडळीने याबाबत फुशारकी मारू नये. महार आणि मांग या दोन्ही समाजांतून माणसं एकाच तारणाऱ्याकडे आली, एकाच बाकावर बसली, आणि सोयरिकीची वेळ आली की मधली भिंत होती तिथेच उभी, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. प्रभुभोजनाच्या एका प्याल्याला ओठ लावणारी माणसं लग्नाच्या याद्या वेगळ्या करतात.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो, कारण आमच्याच व्यासपीठांवरून तो पसरला आहे. नियमशास्त्र, म्हणजे मोशेने दिलेले नियम, हे काहीतरी वाईट, यहूदी म्हणजे नियमांचे गुलाम, असं पौल म्हणत नाही. तो मरेपर्यंत यहूदीच होता. एकशे एकोणिसावं स्तोत्र वाचा, नियमशास्त्रावर माणूस किती जीव टाकतो ते दिसेल. वाद असा होता की परराष्ट्रीयांना देवाच्या घरात यायला आधी सुंता करून यहूदी व्हावं लागेल का. इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेमला सगळे जमले आणि उत्तर ठरलं : नाही. चार गोष्टी टाळायला सांगितल्या. मूर्तीला अर्पिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म. त्यातल्या तीन उघड उघड जेवणाच्या आहेत. माझ्या वाचनाप्रमाणे त्या यादीमागे मुख्य काळजी होती ती दोघांना एका पंगतीला बसता यावं ही. तुमच्या सहभागितेत कुणी प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा पुढे केला तर त्यांना हे विचारा : तुमचा नियम माणसाला मेजाजवळ आणतोय की उठवतोय?

हा प्रश्न मला कुणी शिकवला ते सांगतो. त्यात माझीच लाज आहे.

पाळक म्हणून माझी पहिली नेमणूक बीड जिल्ह्यातल्या एका गावात होती. वय सत्तावीस, डोक्यात शिस्त. मंडळी सैल आहे असं मला पहिल्याच महिन्यात दिसलं आणि मी हजेरीचं रजिस्टर सुरू केलं. सलग तीन रविवार गैरहजर, तर त्या महिन्याचं प्रभुभोजन नाही. महिनाभरात बाक भरले. मी खूश.

दसरा-दिवाळी झाली की त्या भागातली अर्धी गावं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला कारखान्याच्या हद्दीत कोपी टाकून पाच-सहा महिने राहायचं, टनावर काम करायचं. पाडव्याच्या आसपास माणसं परततात, आणि कित्येकदा उचल फिटलेली नसते. उरलेली पुढच्या वर्षावर चढते.

आमच्या मंडळीतला एक जण असाच परतला आणि पहिल्या रविवारी पुढे येऊन बसला. रजिस्टरात त्याच्या नावापुढे पाच महिन्यांच्या फुल्या. भाकरीची ताटली घेऊन मी ओळीतून निघालो आणि त्याच्यापाशी न थांबता पुढच्या माणसाकडे गेलो. त्याने हात पुढे केलेले होते. उसाच्या पात्याने चिरलेले, काळे पडलेले तळवे. ते त्याने एकमेकांवर ठेवले आणि मांडीवर घेतले. बोलला काहीच नाही.

उपासना संपल्यावर पायरीवर थांबला होता. मला वाटलं चिडला असेल. अगदी साधेपणाने विचारलं त्याने, ‘साहेब, मुकादमाची उचल निम्मी फिटली औंदा. तुमची किती राहिली?’

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी उत्तर दिलं असतं. त्याला खरंच वाटलं होतं की इथेही एक खातं आहे, पाच महिन्यांची थकबाकी आहे, आणि काही रविवार ओळीने भरले की देव त्याला पुन्हा मेजावर घेईल. हे त्याला शिकवलं कुणी? मी. तोंडाने दर रविवारी कृपेवर प्रवचन करत होतो आणि ताटलीने दुसरंच सांगत होतो. अंत्युखियातला पेत्र म्हणजे कोण, ते मला तेव्हा कळलं.

गलतीकरांच्या पाचव्या अध्यायात पौल म्हणतो, जो सुंता करून घेतो तो सबंध नियमशास्त्र पाळायला बांधला जातो. आधी मला हे अतिशयोक्त वाटायचं. एवढ्याशा गोष्टीने काय होतंय? पण उचल घेणाऱ्या माणसाला विचारा. अंगठा एकदा उठला की हंगाम मुकादमाचा. आणि कलस्सैकरांस पत्रात जो ‘ऋणलेख’ खोडून वधस्तंभाला खिळला असं म्हटलंय, तिथे मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कर्जाची चिठ्ठी. त्या गावात ही ओळ समजावताना मला एकदाही उदाहरण शोधावं लागलं नाही.

ते रजिस्टर मी फाडलं नाही हेही सांगतो, कारण तुमच्या मित्राच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे. रजिस्टर लागतं. कोण आजारी आहे, कोण तोडीला गेलंय, कोणाच्या घरी म्हातारी एकटी राहिलीय, हे मला त्यातूनच कळायचं. पुढच्या हंगामात त्याच फुल्या बघून आम्ही दोघं-तिघं एसटीने कोपीवर गेलो आणि तिथेच भाकर मोडली. रजिस्टर तेच. फक्त प्रभुभोजनाच्या मेजावरून उठून माझ्या शबनममध्ये गेलं.

पौल नियमशास्त्राला ‘बालरक्षक’ म्हणतो. त्या काळच्या सुखवस्तू घरात मुलाला शाळेत नेणारा-आणणारा एक गुलाम असायचा. तो गुरुजी नव्हे. हात धरून रस्ता पार करवायचा, वाह्यातपणा केला तर कान पिळायचा. काम चांगलंच, पण मुलगा मोठा झाला की संपणारं. चाळिशीचा माणूस बालरक्षकाचं बोट धरून कचेरीत निघाला तर लोक हसतील. आणि बापाने त्याला घराची किल्ली दिलेली असताना तो दारात उभा राहून ‘येऊ का आत?’ विचारत राहिला, तर बापाला काय वाटेल?

मराठीत या सगळ्याचा सगळ्यात मोकळा हिशेब कुणी दिला असेल तर तो बायकांनी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा, मुंबईतला. लक्ष्मीबाईंचा १९००चा. मधल्या काळात त्यांना सोवळं-ओवळं, शिवाशीव, कुणाच्या हातचं पाणी चालेल आणि कुणाच्या नाही, हे सगळं आतून सोडवत यावं लागलं, आणि ते त्यांनी स्वतःच्या आठवणींत, स्वतःवरच हसत, लिहून ठेवलंय. कुणी आदेश काढून त्यांचं सोवळं सोडवलं नाही. ते गळालं.

पंडिता रमाबाईंचं उलट बाजूने बघण्यासारखं आहे. २९ सप्टेंबर १८८३ला इंग्लंडमधल्या वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. मांसाहार त्यांनी त्यानंतरही धरला नाही. तिथल्या ज्या सिस्टर त्यांच्यावर माया करत होत्या, त्यांनाच हा जुन्या जातीचा अहंकार वाटला. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, ती माझ्या लोकांना परकी आहेत, यावरूनही रमाबाई अडून बसल्या. मला त्यांचं बरोबर वाटतं. खायची मोकळीक असेल तर न खायचीही असली पाहिजे. ‘तू आता ख्रिस्ती झालीस, खाऊन दाखव’ म्हणणारा आणि ‘ख्रिस्ती झालास, खाल्लंस का?’ म्हणणारा, दोघांच्या हातात एकच छडी. याच रमाबाईंनी नंतर कबूल केलंय की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षं माझ्याकडे ख्रिस्ती धर्म होता, खुद्द ख्रिस्त नव्हता. एवढा विद्वान माणूस हे लिहितो तेव्हा आपण आपापला बाप्तिस्म्याचा दाखला जरा बाजूला ठेवून विचार करावा.

तुमच्या बाकीच्या यादीवर भराभर जातो.

शुक्रवारचा उपास करा, उत्तम. मीही करतो, बुधवारी. पण सक्ती आणि हजेरी आली की तो गुरुवारच्या उपासाचाच नवा अवतार. बायबलमधून बघायचं तर रोमकरांस पत्र, चौदावा अध्याय : एक जण एक दिवस दुसऱ्यापेक्षा अधिक मानतो, दुसरा सगळे दिवस सारखे मानतो, ज्याने त्याने आपल्या मनाशी खात्री करावी.

मंगळसूत्राबद्दल : पेत्राच्या पहिल्या पत्रातलं केस गुंफण्याचं आणि सोन्याचं वाक्य दाखवतात. पण त्याच वाक्यात वस्त्रांचाही उल्लेख आहे, म्हणून कुणी कपडे सोडत नाही. तो सांगतोय की शोभा आतली असू द्या. मराठी ख्रिस्ती घरांत क्रूस ओवलेलं मंगळसूत्र लग्नात प्रार्थना करून घातलं जातं, मी शेकडो वेळा घातलेलं पाहिलंय. एखाद्या बहिणीला ते नको वाटलं तर तिने काढावं. नवरा विश्वासात नाही आणि बायकोला सभेत उभं करून मंगळसूत्र काढायला लावलं, तर त्या घरात सुवार्तेचं दार कुणी बंद केलं?

दशांश. इथे मला थोडा राग येतो. जुन्या करारातल्या मलाखीच्या पुस्तकातला शाप वाचून दाखवणारे त्याच करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय का वाचत नाहीत? तिथे दशांश धान्याचा, द्राक्षारसाचा, तेलाचा आहे, आणि तो कुटुंबाने परमेश्वरासमोर बसून स्वतः खायचा आहे, आनंदाने. लांबचा प्रवास असेल तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे हवं ते विकत घेऊन जेवायचं. लेवीला, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातल्या माणसाला, विसरायचं नाही, आणि दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवायचा : लेवी, परका, अनाथ, विधवा यांना पोटभर मिळावं म्हणून. पुन्हा पंगतच! मंडळीला पैसे लागतात, पाळकालाही पोट आहे, मी ते नाकारत नाही. दहावा हिस्सा हा चांगला पायंडा आहे, मी स्वतः पाळतो. पण शापाची भीती घालून घेतलेला पैसा मला खंडणीसारखा वाटतो. गलतीकरांच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने आपल्याला शापातून सोडवलं असं लिहिलंय. तो शाप दानपेटीच्या फटीतून परत आणू नये.

आता तुमचा मित्र. त्याचं अर्धं बरोबर आहे, म्हणून तो अवघड. करिंथातही ‘मला सगळ्याची मोकळीक आहे’ म्हणणारे होते, आणि त्यांच्याच प्रभुभोजनात एक उपाशी राहायचा नि दुसरा पिऊन तर्र व्हायचा. पौलाने त्यांना झापलं ते ‘नियम मोडला’ म्हणून नाही, शेजाऱ्याचा अपमान केला म्हणून.

युरोपातल्या धर्मसुधारणेतला एक प्रसंग मला फार आवडतो. १५२२ सालच्या मार्चमध्ये, उपासकाळात, झुरिकच्या फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी काही जणांनी धूर दिलेली सॉसेजेस खाल्ली. बंदी असताना. धर्मगुरू झ्विंग्ली तिथे हजर होता. त्याने स्वतः एक तुकडाही खाल्ला नाही, आणि पुढे खाणाऱ्यांच्या बाजूने प्रवचन केलं की अन्न निवडायची मोकळीक आहे. त्याच महिन्यात तिकडे जर्मनीतल्या विटेनबर्गमध्ये धर्मसुधारणेचा पुढारी लूथर लपण्याच्या जागेतून परत आला, कारण त्याच्या माघारी लोकांनी धडाधड जुने विधी मोडायला सुरुवात केली होती. त्याने ओळीने आठ दिवस प्रवचनं केली : तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण तुम्ही मोकळिकीचाच ‘केलंच पाहिजे’ असा नवा कायदा करताय, आणि दुबळ्या भावाला मागे टाकून पळताय. एक जण खाल्ल्याशिवाय खाणाऱ्याची बाजू घेतो, दुसरा स्वतःच्याच माणसांना आवरतो. दोघांनाही मोकळीक कळली होती.

पौलाचंही तसंच. तीत आणि तीमथ्य हे त्याचे दोन साथीदार. तीताची सुंता करा म्हणाले तेव्हा तो तसूभर हलला नाही, कारण तिथे ती तारणाची अट होती. तीमथ्याची त्याने स्वतः करवली, कारण त्याला यहूद्यांमध्ये काम करायचं होतं आणि तिथे ती अट नव्हती. एकच माणूस, एकच विधी, दोन उत्तरं. नियमांच्या माणसाला हे ढोंग वाटेल.

मित्राला विचारा, रविवारी येत नाहीस तर त्या वेळात काय करतोस? आजारी शेजाऱ्याजवळ बसत असशील तर प्रश्नच मिटला. झोपत असशील तर झोप, पण त्याला कृपा म्हणू नकोस. गलतीकरांच्या सहाव्या अध्यायात ‘ख्रिस्ताचा नियम’ असा शब्द आहे, तो लोकांच्या नजरेतून सुटतो. एकमेकांची ओझी वाहा म्हणजे तो पुरा होतो. नियमापासून सोडवलेल्या माणसाच्या खांद्यावर हे एक येतंच.

तुम्ही काय करावं? सहभागिता लगेच सोडू नका. तिथल्या वडीलजनांपैकी ज्याच्याशी तुमचं जुळतं त्याच्याकडे एकटे जा, सभेत नाही, आणि गलतीकरांचा दुसरा अध्याय दोघांनी मिळून वाचा. चिडून बोलू नका. पेत्राला सुनावणाऱ्या पौलाची वाक्यं पाठ असतात आपल्याला, त्याचं वय आणि अंगावरच्या जखमा नसतात. त्यांनी ऐकलं नाही, आणि मेज हे बक्षीस नि शिक्षा म्हणून वापरणं चालूच राहिलं, तर दुसरी मंडळी बघा. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका.

आणि आईला हे सगळं कळलं असेल, तर तिला वाटत असणार की तिच्या हातच्या जेवणाने लेकाचं काहीतरी बिघडलं. तिला फोन करा. सुट्टी मिळाली की गावी जा आणि पोटभर जेवून या.